पासंगरावांचा पितळी किलो

खाडीपलीकडच्या मुलखात जायला विमान आणि बोट एकाच दिवशी सुरू होणार, ही बातमी अख्ख्या गल्लीने एकदा वाचली आणि खूश झाली. पासंगरावांनी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा बातमी म्हणून, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, आणि तिसऱ्यांदा ती कोणी छापून आणली असेल याचा अंदाज घ्यायला. मग वर्तमानपत्राची घडी घालून ते बायकोला म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"अहो, कसलं पाणी? दोन दिवसांचा वळसा वाचला लोकांचा. विमानाने पस्तीस मिनिटं, बोटीने तीन तास!"

"तेच म्हणतोय मी. इतकी वर्षं कोणाला लोकांचा पुळका आला नव्हता, तो आत्ताच कसा आला? आणि एक सोडून दोन-दोन?"

बायको भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की नवऱ्याच्या संशयाला उत्तर दिलं की त्याची दोन पिल्लं होतात.

पासंगराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला खडा बांधतात ना, तो पासंग. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढताना त्यांनी असले खडे, पारड्याखाली चिकटवलेले मेणाचे गोळे आणि पोकळ केलेली वजनं शेकड्यांनी पकडली होती. दुकानदारांनी चिडून पाठीमागे हे नाव ठेवलं, आणि ते त्यांना इतकं बेमालूम बसलं की पुढे पुढे घरी येणारा पोस्टमनसुद्धा दारातून "पासंगराव आहेत का?" असंच विचारायला लागला.

लोकांना निवृत्तीला घड्याळ मिळतं, शाल मिळते. पासंगरावांना खात्याने एक किलोचं पितळी वजन दिलं. सोन्यासारखं झळझळीत, अंगावर सरकारी शिक्का, वर धरायला गोल बोंड. त्यासाठी त्यांनी मखमलीची पिशवी शिवून घेतली, आणि देवाशपथ सांगतो, स्वतःच्या नातीला उचलताना ते जेवढे जपले नसतील तेवढे तो पितळी किलो उचलताना जपत. घरातला तराजू आणि माणसांचं वजन करायचा काटा, दोन्ही त्यांनी स्क्रू पिळून पिळून या किलोशी जुळवून घेतले होते.

आणि मग त्यांना शोध लागला की सगळं शहर आपल्याला फसवतंय. भाजीवाली, वाणी, फळवाला, खिळे विकणारा, कोणाकडूनही काहीही आणा, घरच्या तराजूवर किलोमागे चाळीस ग्रॅम कमी! डॉक्टरांचा काटासुद्धा खोटा. घरी पंचाहत्तर भरणारे पासंगराव डॉक्टरांकडे अठ्ठ्याहत्तर भरायचे. "वजन जास्त दाखवलं की औषधं जास्त खपतात," हा त्यांचा निष्कर्ष.

शेजारी निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. सल्ला देणं हाच त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग, पण एकदा सल्ल्याऐवजी त्यांनी शंका काढली. "काय हो, सगळे बरोब्बर चाळीसच कसे मारतात? कोणी तीस नाही, कोणी साठ नाही?"

"संगनमत!" पासंगराव कुजबुजले. "वरून आकडा ठरवून दिलेला असणार."

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. समोरचा इतक्या खात्रीने बोलत असला की मान डोलवावी, हे ते टपाल खात्यातच शिकले होते.

असो. बातमी आली त्याच दुपारी पलीकडून ताईचा फोन आला. ताई म्हणजे पासंगरावांची थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी, लग्न होऊन पलीकडे गेलेली. "धाकट्या," ताई म्हणाली, "या महिनाअखेरीला दुकान बंद करतोय आम्ही. यांना आता ऐंशी झाली, उभं राहवत नाही. शेवटच्या दिवशी तू यावंस असं यांचं म्हणणं आहे. संध्याकाळी सहाला शटर पडेल, त्याच्या आत ये."

"कोणाचं म्हणणं?"

"यांचं. तुझ्या भाऊजींचं."

पासंगरावांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. कारण भाऊजी त्यांच्याशी अकरा वर्षं बोललेले नव्हते.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी पासंगराव बहिणीकडे गेले होते, दोन दिवसांचा वळसा घालून, मखमली पिशवी घेऊन. भाऊजींचं वाण्याचं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. काउंटरवर नवा कोरा काटा. हात शिवशिवले, दुसरं काय! पासंगरावांनी पितळी किलो काट्यावर ठेवला, आकडा वाचला, आणि सवयीच्या खणखणीत सरकारी आवाजात सांगून टाकलं, "भाऊजी, तुमचा काटा खोटा आहे. किलोला चाळीस ग्रॅम खातोय." भाऊजी एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यानंतर एकही बोलले नाहीत. दोन्ही घरं एकमेकांना सांगत राहिली, की काय करणार, रस्ताच एवढा लांबचा. त्या लांबच्या रस्त्याने दोघांची अब्रू झाकली होती. आता मेलं ते पस्तीस मिनिटांचं विमान आलं आणि सगळी पंचाईत करून बसलं.

"नक्की काहीतरी डाव आहे," पासंगराव म्हणाले. "चार माणसांत बोलावून माझा पाणउतारा करायचा."

"मग नका जाऊ," बायको म्हणाली.

"नाही कसं? मी भितो की काय त्यांना?" आणि मग जरा वेळाने, भिंतीकडे बघत, "ताई पंचाहत्तरची झाली गं. आवाज बारीक झालाय तिचा."

पोस्टमास्तर संध्याकाळी हजर झालेच. त्यांच्या मते बोटीने जाऊ नये, कारण त्यांच्या साडूला बोट लागली होती; विमानानेही जाऊ नये, कारण लहान विमान वाऱ्याने हलतं; आणि न जाणं तर मुळीच बरोबर नाही, कारण बहीण ती बहीण. एवढं सांगून ते चहा पिऊन गेले.

पलीकडे जायला परवाना लागत होता. त्याचा अर्ज चार पानी. कचेरीतल्या खिडकीमागे एक कारकून बसला होता. त्याचा चेहरा असा, की समोरच्याने अर्ज आणला हीच त्याची पहिली चूक. प्रवासाचं कारण या रकान्यात पासंगरावांनी लिहिलं होतं, 'बहिणीची भेट'.

"बहीण कशावरून?" कारकून म्हणाला. "आडनाव वेगळं आहे."

"लग्न झालंय तिचं!"

"त्याचा दाखला?"

"त्रेपन्न वर्षांपूर्वीच्या लग्नाचा?"

"मग आणा की. आणि ही माहिती भरायची राहिली. शेवटची भेट कधी झाली?"

"अकरा वर्षांपूर्वी."

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. "अकरा वर्षं सख्ख्या बहिणीला भेटला नाहीत?"

"रस्ता नव्हता."

"होता की. दोन दिवसांचा आहे, पण आहे. माझी सासू दर वर्षी येते, कितीही नको म्हटलं तरी."

बत्तीस वर्षं दुसऱ्यांना उलटसुलट विचारणाऱ्या पासंगरावांनी अर्जाची घडी घालून तो खिशात टाकला. या माणसाला नक्कीच कोणीतरी पढवून बसवलंय, असं त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. चार खेपा झाल्या, दाखला सापडला, तो जीर्ण आहे म्हणून नाकारला, मग त्याच्या जीर्णपणाबद्दल वेगळं पत्र जोडलं, आणि महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी दोघांच्या परवान्यावर शिक्का बसला. तिकिटं मिळाली ती नेमकी पहिल्यावहिल्या विमानाची. "कोणावर तरी प्रयोग करायचाच असणार," पासंगराव म्हणाले, आणि पितळी किलो हातातल्या पिशवीत ठेवला.

"तो कशाला घेताय?" बायकोचा आवाज का कोण जाणे, जरा चिरकला.

"असू दे. या वेळीही खोटा निघाला तर?"

विमानतळ म्हणजे धक्क्याला लागूनच बांधलेली एक लांबट खोली होती. भिंतींना ओल्या रंगाचा वास, दारात फीत, फितीशी कात्री घेतलेले एक बडे अधिकारी. एकोणीस उतारू. काउंटरवरच्या बाई एकेकाला एका चौकोनी काट्यावर उभं करत होत्या.

"काका, या. उभे राहा."

"माणसांचं वजन? का?"

"छोटं विमान आहे ना. वजन बघून कोणाला कुठे बसवायचं ते ठरतं." त्यांनी आकडा वाचला. "अठ्ठ्याहत्तर."

"पंचाहत्तर," पासंगराव म्हणाले.

"काका, काटा अठ्ठ्याहत्तर दाखवतोय."

"तोच तर मुद्दा आहे!"

बायकोने मागून सदरा ओढला, पण आता कुठले थांबतात! एकाहत्तरीचा माणूस सगळ्यांदेखत जमिनीवर पालथा पडला आणि काट्याच्या बुडाशी तपासणीचा शिक्का शोधायला लागला. शिक्का होता. कालचाच होता. पासंगराव गुडघे झटकत उठले आणि म्हणाले, "कालचाच आहे. म्हणजे घाईघाईने मारलाय." मग त्यांनी मखमली पिशवीची नाडी सोडली.

पितळी किलो काट्यावर बसला. आकडा लुकलुकला आणि थांबला. एक पूर्णांक शून्य चार.

"चाळीस ग्रॅम!" पासंगराव अशा आवाजात ओरडले, की अधिकाऱ्यांच्या हातातली कात्री खाली पडली. "इथेसुद्धा! संगनमत पार विमानापर्यंत पोचलंय!"

वैमानिक समजूतदार होता. तो म्हणाला, "आजोबा, काटा जास्त दाखवतोय म्हणजे विमान हलकंच भरेल. बरंच झालं की. बसा, निघू."

"खोटं ते खोटं! लेखी तक्रार करतोय मी."

आणि इथे घात झाला. तोंडी तक्रार हसून टाळता येते, लेखी तक्रार आली की अधिकाऱ्याला तपासणी करावीच लागते. पासंगरावांनी तीन प्रतींत अर्ज लिहिला, कलमांसकट. वजनमापे खात्यातून माणूस यायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात उतारूंपैकी एका बाईंनी पासंगरावांच्या सात पिढ्यांची चौकशी केली, वाजंत्रीवाले दोनदा वाजवून दमले, फीत वाऱ्याने आपली आपणच सुटली. पासंगराव मात्र ताठ बसून होते.

खात्याचा माणूस आला. तो नेमका पासंगरावांनीच हाताखाली तयार केलेला निघाला, आता स्वतःच निरीक्षक झालेला. त्याने वाकून नमस्कार केला आणि आपली लाकडी पेटी उघडली. वीस किलोचं वजन ठेवलं. काट्याने वीस दाखवले. दहाचं ठेवलं, दहा. एकाचं ठेवलं, एक. मग त्याने पासंगरावांचा किलो ठेवला. एक पूर्णांक शून्य चार.

त्याने पुन्हा सगळं करून पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्हीच शिकवलंत. दुसऱ्याचा काटा तपासायच्या आधी आपलं वजन तपासायचं. हे कधी तपासून घेतलं होतंत?"

"खात्याचं वजन आहे ते. तपासायचं काय त्यात?"

शिष्याने किलो उजेडात धरून फिरवला. बोंडाखाली, नजरेलाही येऊ नये अशी एक करड्या रंगाची कड होती. "इथे झाळलंय, साहेब. कोणीतरी बोंड परत बसवलंय, आणि भरपूर माल ओतलाय."

पासंगरावांनी संशयाने वैमानिकाकडे पाहिलं, अधिकाऱ्यांकडे पाहिलं, वाजंत्रीवाल्यांकडे पाहिलं. बायकोकडे पाहायचं त्यांना सुचलंच नाही. बाराएक वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"मी," ती म्हणाली. "तुम्ही रिटायर झालात त्याच वर्षी. पुसताना हातातून पडलं, बोंड तुटलं. तुम्ही घरी यायच्या आत भांडी झाळणाऱ्याकडे नेलं. तो म्हणाला, बाई, असा डाग देतो की जन्मात तुटणार नाही. मग पॉलिश करून आणलं. मला काय ठाऊक, अहो, दिसण्यापलीकडे त्यात काही बिघडतं ते!"

कोणीतरी हसलं. पासंगरावांना ते ऐकूही आलं नाही. भाजीवाली, वाणी, फळवाला, डॉक्टर, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून रांगेने गेले, आणि रांगेच्या शेवटी, भरलेल्या दुकानात, काही न बोलता उभे असलेले भाऊजी. पासंगराव तिथल्याच एका बाकावर बसले. शरम वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत वाटली.

तेवढ्यात वैमानिकाने घड्याळ दाखवलं. त्याचे उडायचे ठरलेले तास संपत आले होते. आता पलीकडे जाऊन परत यायला वेळ उरला नव्हता. विमान रद्द. सगळ्यांनी दुपारच्या बोटीने जावं.

"आपण घरी जाऊ," पासंगराव म्हणाले.

"मी काय म्हणते, मी सांगते भाऊजींना. माझ्या हातून मोडलं म्हणून."

"मोडलं तू," पासंगराव म्हणाले. "पण बोललो मी." आणि ते उठून धक्क्याकडे चालायला लागले.

बोटीत त्यांच्या आजूबाजूचे चार बाक रिकामे राहिले. सतरा उतारूंनी तीन तास त्यांना पाठ दाखवली. पोस्टमास्तरांच्या साडूसारखी त्यांना बोट लागली असती तर निदान कोणाला दया तरी आली असती, पण तेही नाही. पलीकडच्या धक्क्यावर कस्टमच्या माणसाने पिशवी चाचपली आणि त्याची मुद्रा एकदम बदलली.

"हे काय आहे? एवढं जड?"

"एक किलोचं वजन आहे."

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? वजनच आहे. वजन करायचं."

त्याने ते उलटंसुलटं केलं, ठोकलं, हुंगलं. "आत काही लपवलंय का?"

पासंगरावांना आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचा संशय अगदी रास्त वाटला. "हो," ते म्हणाले. "चाळीस ग्रॅम झाळणाचा धातू आहे. खोटं वजन आहे हे. तसं लिहून घ्या, मी सही करतो." एवढ्या सरळ कबुलीची सवय नसल्यामुळे कस्टमचा माणूस गोंधळला, त्याने वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी आणखी वरिष्ठांना, आणि फॉर्मवर सही होईपर्यंत पाच वाजून गेले.

दुकानापाशी पोचले तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. मांडण्या निम्म्या रिकाम्या, दारात जुनी गिऱ्हाइकं निरोप घ्यायला उभी. ताई गल्ल्यापाशी होती, किती लहानखुरी झाली होती! तिने "धाकट्या!" म्हणून हाक मारली आणि गल्ला तसाच उघडा टाकून ती पुढे आली. भाऊजी खुर्चीत बसले होते. काउंटरवर तोच काटा.

"या, इन्स्पेक्टरसाहेब," भाऊजी म्हणाले. पूर्वी ते 'मेहुणेबुवा' म्हणायचे. "आणलंत का तुमचं वजन? मुद्दाम बोलावलंय. तुम्ही गेलात, त्यानंतर तीनदा तपासून घेतला मी हा काटा. तिन्ही वेळा तपासणारे बरोबर म्हणाले. पण तुम्ही एवढे खात्यातले जाणकार. माझा विश्वास त्यांच्यावर बसेना, तुमच्यावरून उठेना. म्हणून अकरा वर्षं प्रत्येक किलोवर एक मूठ वरून घालत आलोय, न जाणो खरंच कमी जात असेल म्हणून. आज दुकान बंद होतंय. जायच्या आधी तुम्हीच परत बघा, आणि काय ते सांगा. सगळ्यांसमोर सांगा, तेव्हा सांगितलंत तसंच."

अकरा वर्षं पासंगराव या माणसावर संशय घेत होते, आणि हा माणूस स्वतःवर. त्यांनी पिशवीतून किलो काढला आणि काट्यावर ठेवला. आकडा लागला, एक पूर्णांक शून्य चार. गिऱ्हाइकं माना लांब करून बघत होती. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

"काटा बरोबर आहे," पासंगराव म्हणाले. सरकारी आवाज काढायला गेले, पण तो निघाला नाही. "तेव्हाही बरोबर होता. खोटं माझं वजन आहे. आजच कळलं मला. भाऊजी, तुमचा काटा एक ग्रॅमही खात नव्हता."

"मी मोडलं होतं ते," मागून त्यांची बायको म्हणाली, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे अकरा वर्षं आम्हाला जास्तच मिळत होतं?" एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं. "आम्ही परत करणार नाही हं, आधीच सांगतो!"

सगळे हसले. ताई डोळ्यांना पदर लावून हसली. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी पितळी किलो उचलला, बोंडाखालच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवून दिला.

"या बाईंची एक किलो साखर राहिलीय," ते म्हणाले. "शेवटचं गिऱ्हाईक. मला उठवत नाही. मेहुणेबुवा, तुम्ही घाला."

पासंगराव काउंटरच्या आत गेले. दुकानाच्या त्या बाजूला ते आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी पिशवी काट्यावर ठेवली आणि साखर ओतायला लागले. नऊशे. नऊशे ऐंशी. बरोबर एक किलो. मग त्यांना अकरा वर्षांचं आठवलं, आणि वरून घालायला त्यांनी मूठभर साखर उचलली.

भाऊजी खुर्चीतून उठले. दोन पावलं चालत आले आणि त्यांनी पासंगरावांचं मनगट धरलं.

"बास," ते म्हणाले. "किलो भरला."